देवघरातील पह्लव

आमच्या देवघरात शाळिग्राम आणि अन्नपूर्णा यांच्या मधल्या जागेत, लाल खणाच्या तुकड्यावर, एक रुप्याचे नाणे ठेवलेले असते. जुन्या काळच्या रुप्याच्या पावलीएवढा त्याचा घेर, पण जाडी तिच्याहून अधिक. कड मात्र वाकडीतिकडी, घाईने थापलेल्या भाकरीसारखी. सोनाराच्या काट्यावर ते पावणेचार मासे भरते. आमचे आजोबा पहिल्या महायुद्धाच्या वेळी फौजेच्या हिशेब खात्यात कारकून होते, आणि त्या नोकरीत त्यांस मेसोपोटेमियात जावे लागले. १९१७ च्या मार्च महिन्यात बगदाद इंग्रजांच्या हाती आले. त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ आजोबांचा मुक्काम त्या शहरी होता. परत येताना त्यांनी खजुराच्या दोन पेट्या, एक लहानसा गालिचा आणि हे नाणे आणले. खजूर संपला, गालिच्यास कसर लागली, नाणे मात्र देवांत जाऊन बसले.

ते देवांत कसे बसले, ते सांगितले पाहिजे. नाण्याच्या एका बाजूस हाती धनुष्य घेऊन आसनावर बसलेला एक पुरुष आहे. डोक्यास टोप आहे. दुसऱ्या बाजूस दाढी राखलेल्या एका राजाचे मस्तक आहे; केसांभोवती पट्ट बांधलेला आहे. आमच्या आजीने पहिल्या पुरुषास श्रीरामचंद्र ठरविले आणि दुसऱ्यास दशरथ. राजाच्या कपाळावर एक बारीकसा उंचवटा आहे, तो गंधाचा टिळा. मस्तकाजवळ एक चंद्रकोर व एक तारा आहे, ते चंद्रसूर्य. रामसीतेचे चित्र असलेल्या रामटंका पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यांत असतात, हे वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हा आजीचे म्हणणे कोणास विपरीत वाटले नाही. फक्त आम्ही मुले विचारीत असू, की सीता कोठे आहे? त्यावर आजी म्हणे, "अरे, रावणानं तिला नेल्यानंतरचं नाणं हे. बघ ना, कसा एकटाच बसलाय बिचारा!" या उत्तराने आमचे डोळे पाण्याने भरत. रामनवमीस आणि लक्ष्मीपूजनास ते नाणे चिंच आणि रांगोळी लावून लख्ख करण्याचे काम आमच्याकडे असे, आणि दशरथास आपण दुखवीत तर नाही ना, अशा भीतीने आम्ही त्याचे नाक हलक्या हाताने घाशीत असू. तथापि हलक्या हाताचे घासणेही वर्षानुवर्षे चालले म्हणजे व्हावयाचा तो परिणाम होतोच.

एवढ्यावरच हे प्रकरण राहते तर लिहिण्यासारखे काही नव्हते. परंतु आम्ही पडलो संस्कृतचे शिक्षक. इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपुरते, पण पाठशाळेत काव्य आणि व्याकरण घोटलेले. त्यामुळे आजीच्या गोष्टीस शास्त्राधार देण्याची आम्हांस हौस. नाण्यावर धनुर्धराच्या चारी बाजूंनी, चौकट आखल्याप्रमाणे, अक्षरांच्या ओळी आहेत. ती अक्षरे झिजलेली ब्राह्मी असावीत, असे आम्ही ठरविले. ब्राह्मी आम्हांस नीट येत होती असे नाही. पण वर्गात रामकथेचा पाठ आला म्हणजे आम्ही ते नाणे रुमालात बांधून शाळेत नेत असू, मुलांच्या हाती फिरवीत असू आणि त्या ब्राह्मी लेखाविषयी गंभीरपणे दोन शब्द सांगत असू. मुले नमस्कार करून नाणे पुढे देत.

१९९४ साली नववीच्या वर्गात एका मुलाने नमस्कार केला, पण नाणे पुढे दिले नाही. त्याचे वडील बाजारात भांड्यांवर नावे घालण्याचे काम करीत. मुलगा अभ्यासात बेताचा, बोलणे फार थोडे. त्याने नाणे खिडकीच्या उजेडात धरले आणि म्हणाला, "गुरुजी, यात एक त्रिकोण आहे. आणि हे दोन खांबांवर तुळई ठेवल्यासारखं अक्षर आहे, ते वर्तुळाच्या परिघात येतं तसं आहे. ही भूमितीतली अक्षरं असतील." आम्ही हसलो. तो पुढे म्हणाला, "आणि ज्यानं ही घातली त्याला वाचता येत नसेल नीट. माझे वडील इंग्रजी नाव घालतात तेव्हा असंच होतं. समोर ठेवून बघून बघून काढतात."

त्यावर आम्ही जे बोललो ते येथे जसेच्या तसे लिहिणे भाग आहे. आम्ही म्हणालो, "ताटवाटीवर नावे घालणाऱ्याने रामाच्या नाण्यावर मत देऊ नये. बस खाली." वर्ग मोठ्याने हसला. मुलगा खाली बसला. दहावीनंतर त्याने शाळा सोडली व वडिलांच्या दुकानात बसू लागला. ते दुकान आमच्या मंडईच्या वाटेवर आहे.

निवृत्तीनंतर एका मुंजीच्या निमित्ताने आम्ही पुण्यास गेलो होतो. कार्य उरकले, परतीच्या गाडीस अवकाश होता, म्हणून एका जुन्या ग्रंथालयात जाऊन बसलो. मागितला होता काव्यप्रकाशावरील एक टीकाग्रंथ. शिपायाने आकड्यांच्या घोटाळ्याने आणून ठेवले एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. ब्रिटिश म्यूझियममधील पार्थियन नाण्यांची वॉर्विक रॉथ या विद्वानाने केलेली सूची, छपाईचे साल १९०३. परत करण्यापूर्वी आम्ही सहज मागील चित्रपत्रे उघडली. आणि तेथे, एकाखाली एक, आमचे रामचंद्र बसलेले! एक नव्हे, शेकडो. प्रत्येक चित्रपत्रावर तोच टोप, तेच धनुष्य, तेच आसन. आणि त्यांतल्याच एका पत्रावर आमचे दशरथही होते, नाक शाबूत असलेले, कपाळी तोच उंचवटा. खाली नाव होते, ओरोदेस दुसरा, पार्थियाचा राजा. गाडी चुकली, हे आम्हांस ग्रंथालय बंद होताना कळले.

त्या दिवसापासून आजपर्यंत या विषयावर हाती लागेल ते आम्ही वाचीत आलो आहो. त्यांतले थोडे वाचकांपुढे ठेवतो.

इ. स. पूर्व २४७ च्या सुमारास, अलेक्झांडरच्या सेनापतीच्या वंशजांकडे इराणचे राज्य असताना, कास्पियन समुद्राच्या पूर्वेकडील मैदानांतून आलेल्या घोडेस्वार टोळ्यांच्या एका नायकाने पार्थिया प्रांतात स्वतंत्र गादी स्थापिली. त्याचे नाव अर्शक. ग्रीक त्यास अर्साकेस म्हणत. त्याच्या वंशाने इ. स. २२४ पर्यंत, म्हणजे पावणेपाचशे वर्षांच्या जवळपास, राज्य केले, आणि भरभराटीच्या काळी ते फुरात नदीपासून मध्य आशियाच्या वेशीपर्यंत पसरले होते. एवढ्या बलाढ्य राजवंशाने व्यवहारासाठी सोन्याचे नाणे पाडले नाही. त्यांचा सारा कारभार रुप्यावर आणि हलक्या खरेदीपुरता तांब्यावर. रुप्याचे मुख्य नाणे द्रख्म, वजन सुमारे चार ग्रॅम, म्हणजे आपले चार मासे. त्याच्या चौपट वजनाचे मोठे नाणे बहुतांशी तिग्रिस नदीवरील सेल्यूकिया या ग्रीक नगराच्या टांकसाळीत पडे. हे नगर बगदादच्या दक्षिणेस सुमारे वीस मैलांवर होते. आजोबांस हे नाणे बगदादच्या सराफकट्ट्यावर तोलून मिळाले, यात नवल नाही.

अर्शकाच्या पहिल्या नाण्यांवर बिनदाढीचा एक पुरुष आहे. डोक्यास कानांवरून खाली येणारी मऊ नमद्याची टोपी, थंड वाऱ्यात घोडा फेकणाऱ्याने घालावी तशी. पाठच्या बाजूस तशाच टोपीचा एक धनुर्धर बैठकीवर बसून हातातील धनुष्याकडे पाहत आहे. हा धनुर्धर कोण, याविषयी पंडितांत चर्चा आहे. पुष्कळांच्या मते तो वंशाचा मूळपुरुष अर्शक होय. आणि पुढील पावणेपाचशे वर्षे नाण्याच्या पाठीवर तोच बसून राहिला. फक्त त्याचे आसन बदलत गेले. प्रथम साधी चौरंगासारखी बैठक. मग पार्थियनांनी बाबिलोनपर्यंत मुलूख जिंकला, तेव्हा ग्रीक राजांच्या नाण्यांवर अपोलो देव ज्या पाषाणावर बसे, त्यावर हा जाऊन बसला. तो पाषाण म्हणजे ग्रीकांच्या मते पृथ्वीची नाभी. त्यांचा शब्द 'ओम्फालोस' आणि आपला 'नाभि' हे एकाच मूळचे होत. अपोलोच्या हाती बाण असे, याच्या हाती धनुष्य राहिले. मग दुसरा मिथ्रदात याच्या काळी, इ. स. पूर्व १२१ नंतर, पाठ असलेले सिंहासन आले. याच मिथ्रदाताने राजाधिराज ही पदवी नाण्यावर घातली, आणि भटक्या स्वाराची मऊ टोपी टाकून मोत्यांच्या ओळी व तारा जडविलेला उंच किरीट धारण केला. पाठीवरचा पूर्वज मात्र जुन्याच टोपीत ठेवला. घरात नव्या पिढीने कोट चढविला, तरी भिंतीवर पणजोबांची तसबीर पगडीतच असावी, तसे हे आहे.

आणखी एक गोष्ट. ग्रीक राजे आपल्या नाण्यांवर उजवीकडे पाहतात. पार्थियन राजे बहुधा डावीकडे पाहतात. आम्ही दशरथाचे तोंड डावीकडे का, याचा कधी विचारच केला नव्हता.

चेहऱ्यांविषयी या लोकांस प्रामाणिकपणाची आवड असावी. ओरोदेसाच्या कपाळावरचा उंचवटा म्हणजे गंध नव्हे, चामखीळ आहे. त्याचा मुलगा फ्रहात चौथा याच्या कपाळावरही ती आहे. राजाचे मुख कोरणाऱ्याने ती वगळली नाही, उलट नीट जपून उठविली. ती पिढीजात त्वचारोगाची खूण असावी असे काही वैद्यांचे मत आहे. आमचा तर्क असा, की ती या वंशात राजचिन्हासारखी मानली गेली असेल. परंतु ब्राह्मी लेखाच्या अनुभवानंतर आमच्या तर्कांस किती मान द्यावा, हे वाचकांनी ठरवावे.

नाण्यावरील लेख ग्रीक भाषेत आहे. आमच्या नाण्यावरील ओळींचा अर्थ असा होतो: राजाधिराज अर्शक, उपकारकर्ता, न्यायी, प्रकट झालेला देव, यवनांचा मित्र, याचे. यातील 'न्यायी' या शब्दाच्या आरंभी त्रिकोणाकृती डेल्टा आहे, आणि 'प्रकट' या शब्दात दोन खांबांवर तुळई ठेवलेला पाय आहे. भूमितीतली अक्षरे!

राजाचे खरे नाव ओरोदेस. पण लेखात ते नाही. या वंशाचा प्रत्येक राजा गादीवर बसला म्हणजे अर्शक होई. विदेहाचे राजे सारे जनक, आणि पीठावर बसणारे सारे शंकराचार्य, तसाच हा प्रकार. त्यामुळे कोणते नाणे कोणत्या अर्शकाचे, हे ठरविताना विद्वानांची अर्धी आयुष्ये गेली आहेत. चेहरा, दाढी, किरीट यांवरून ताडावयाचे. मोठ्या नाण्यांवर ग्रीक संवत्सराचा आकडा आणि पुष्कळदा महिना असतो, त्याचा आधार घ्यावयाचा. रॉथनंतर डेव्हिड सेलवुड या इंग्रज अभ्यासकाने १९७१ साली केलेली मांडणी आज बहुतेक सर्वत्र वापरतात, पण तिच्यातही मागाहून पुष्कळ राजे इकडचे तिकडे झाले आहेत.

आता या 'न्यायी' राजाची हकीकत ऐका. ओरोदेस आणि त्याचा भाऊ यांनी मिळून बापास मारले. मग ओरोदेसाने भावास मारले. इ. स. पूर्व ५३ मध्ये रोमचा धनाढ्य सरदार क्रासस मोठी सेना घेऊन चालून आला; कार्ऱ्हे येथील रणात पार्थियन घोडेस्वार धनुर्धरांनी त्या सेनेचा धुव्वा उडविला. वीस हजार पडले आणि दहा हजार कैद झाले, असे प्लुटार्क लिहितो. नाण्यावरचे धनुष्य शोभेचे नव्हते, हे रोमनांस त्या दिवशी कळले. हा विजय मिळवून देणारा सेनापती सुरेन. त्याची कीर्ती वाढली म्हणून ओरोदेसाने त्यासही मारविले. क्राससचे शिर आर्मेनियाच्या दरबारी पोहोचले, तेव्हा तेथे युरिपिदेसाच्या एका नाटकाचे प्रयोगगायन चालू होते. नटाने ते शिरच हाती घेऊन पुढील पद म्हटले. 'यवनांचा मित्र' ही पदवी अशी! पुढे लाडका मुलगा पकोर रोमनांशी लढताना पडला. ओरोदेस खचला आणि त्याने राज्य फ्रहातास दिले. जलोदराने आजारी असलेल्या बापास फ्रहाताने बचनाग पाजला, तर त्या विषाने रोगच उतरू लागला. तेव्हा त्याने गळा दाबून काम पुरे केले, असे प्लुटार्क सांगतो. आणि या फ्रहाताच्याही नाण्यावर शब्द तेच: उपकारकर्ता, न्यायी. फ्रहातास रोमच्या सम्राट ऑगस्टसने मूसा नावाची एक दासी भेट पाठविली होती. ती पुढे राणी झाली आणि मुलाच्या नाण्यावर तिचे मस्तक आले, 'स्वर्गीय देवी' या पदवीसह. तिच्याविषयी इतिहासकार जे लिहितात ते आम्ही येथे देत नाही. हे मासिक घरातील मुलेही वाचतात.

एवढे सारे होत असता पाठीवरचा धनुर्धर स्वस्थ बसून आहे. आम्हांस या नाण्यांत सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट कोणती असेल तर ती ही. दर्शनी बाजूस बापास मारून मुलगा येतो, भावास मारून भाऊ येतो. पाठीवर मात्र तोच मूळपुरुष, तेच नाव. खून करून आलेल्यासही प्रथम त्या नावाखाली उभे राहावे लागे. त्याशिवाय त्याचे रुपे कोणी घेतले नसते काय? घेतलेही असते. पण तसा प्रयोग बहुतेकांनी करून पाहिला नाही.

पुढे इ. स. च्या पहिल्या शतकात एक विलक्षण प्रकार दिसू लागतो. ग्रीक अक्षरे बिघडतात. प्रथम एखादे अक्षर उलटे, मग काही गळालेली, मग सगळ्या रेघाच रेघा. टांकसाळीतील कारागिरांस ग्रीक येईनासे झाले, आणि घेणाऱ्यांसही त्याची गरज उरली नाही. पण लेख काढून टाकावा असे कोणास वाटले नाही! कारागीर मागचे नाणे समोर ठेवून बघून बघून काढीत गेला. पहिला वोलोगसेस याच्या द्रख्मांवर राजाच्या मस्तकामागे त्यांच्या स्वतःच्या पार्थियन लिपीतील दोन अक्षरे भीत भीत डोकावतात, आणि पाठीवर मात्र न वाचता येणारी ग्रीक चौकट तशीच. धनुर्धरही हळूहळू रेघांचा होतो. हात कोणता, धनुष्य कोणते, हे ओळखावे लागते. तरी तो उठत नाही. इ. स. २२४ मध्ये अर्दशीर ससानी याने शेवटच्या अर्शकास रणात मारले, तेव्हा कोठे नाण्याच्या पाठीवर अग्निकुंड आले, आणि राजाचे तोंड पुन्हा उजवीकडे वळले.

ग्रंथालयात हे वाचताना आम्हांस त्या मुलाचे वाक्य शब्दशः आठवले. नाणकशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांत जे लिहिले आहे, ते त्याने पंधराव्या वर्षी, बापाची छिन्नी पाहून, सांगितले होते. तो बोलत होता तेव्हा आम्ही खुर्चीवर होतो.

या प्रकारास हसण्याचा आपणांस फारसा अधिकार नाही. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला, तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांवर राजाच्या मस्तकाभोवती ग्रीक अक्षरेच आहेत, आणि तीही अशीच बिघडत गेलेली. महाराष्ट्राच्या बाजारात ती चालत होती, आणि वाचीत मात्र कोणीच नसेल. आपल्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत सोळा पणांचा एक द्रम्म होतो, तो द्रम्म म्हणजे हाच ग्रीक द्रख्म. आपण आजही वस्तूचा 'दाम' विचारतो तो त्याचाच वंशज. आम्ही स्वतः आठव्या वर्षी रुद्र म्हणत होतो; अर्थ कळू लागला तो विशीनंतर, आणि तोही सगळा नव्हे.

आणि हे पार्थियन आपणांस परके तरी कोठे आहेत? आपले ग्रंथ ज्यांस पह्लव म्हणतात तेच हे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात क्रियालोपाने भ्रष्ट झालेल्या क्षत्रियांत त्यांची गणना आहे. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या पुत्राची स्तुती करताना त्याने शक, यवन आणि पह्लव यांचा नाश केला असे सांगते. गिरनारच्या शिलालेखात तर रुद्रदाम्याचा अमात्य सुविशाख हा पह्लवच आहे. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध त्याने बांधून काढला आणि तो लाच न घेणारा होता, हे दगडावर कोरून ठेवले आहे. आखाड्यातील पहिलवान हा शब्दही त्यांच्याच नावावरून आला. खुद्द वाल्मीकींच्या बालकांडात वसिष्ठांची धेनू हंबरते, तेव्हा तिच्या हंबरण्यातून विश्वामित्राशी लढावयास शेकडो पह्लव उत्पन्न होतात. म्हणजे रामायणात त्यांस जागा होती. आम्ही त्यांस फक्त चुकीच्या जागी बसविले.

पुण्याहून परतल्यावर पंधरा दिवस आम्ही मंडईस दुसऱ्या वाटेने गेलो. मग एके दिवशी नाणे रुमालात बांधून त्या दुकानाची पायरी चढलो. तो आता पंचेचाळिशीचा आहे. डोळ्यास भिंग लावून एका कळशीवर कोणाचे तरी नाव घालीत होता. आम्हांस पाहून उठून उभा राहिला. गेली तीस वर्षे तो आम्हांस रस्त्यात नमस्कार करीत आला होता, आणि आम्ही तो घेत आलो होतो. आम्ही रुमाल सोडला आणि म्हणालो, "ही अक्षरे भूमितीतलीच आहेत. ग्रीक आहेत. तू म्हणाला होतास ते बरोबर होते, आणि आम्ही तुला भर वर्गात जे बोललो ते फार वाईट होते."

त्याने नाणे घेतले, भिंगाखाली धरले आणि पुष्कळ वेळ पाहिले. मान वर न करता म्हणाला, "मला आठवत नाही, गुरुजी." मग थोड्या वेळाने, "हा त्रिकोण अजून आहे बघा." मग पुन्हा, "नाक गेलं राजाचं. रांगोळी लावता काय?" आम्ही होय म्हणालो. "लावू नका. मऊ फडक्यानं नुसतं पुसा." त्याने कागद घेतला आणि नाणे समोर ठेवून सातही शब्द, झिजलेल्या अक्षरांच्या जागा सोडून, मोठे करून उतरून दिले. एकही अक्षर त्यास वाचता येत नव्हते. तो कागद आम्ही घरी येऊन पुस्तकातील लेखाशी ताडून पाहिला. एका ठिकाणी चूक वाटली. नाणे पाहिले, तर ती मूळ कारागिराचीच होती.

राहता राहिली आमची आई. तिचे वय आता अठ्ठ्याऐंशी. रामनवमीस नाणे ताम्हनात ठेवून तिला दाखविण्याचा प्रघात आहे. यंदा तिच्यापुढे ताम्हन धरून आम्ही धीर केला आणि म्हणालो, "आई, एक सांगायचे आहे. हे रामाचे नाणे नव्हे. इराणच्या एका राजाचे आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचे."

आई म्हणाली, "अरे, हे मामंजींनी आणलं तेव्हाच सांगितलं होतं. सासूबाईंनीच मला सांगितलंय. बगदादच्या सराफानं कुण्या इराणी राजाचं म्हणून दिलं. सासूबाई म्हणाल्या, असू दे, धनुष्य आहे ना हातात, मुलांना गोष्ट सांगायला बरं. तू लहानपणी काय रडायचास त्या रामासाठी!"

"मग मला इतकी वर्षे कोणी सांगितले कसे नाही?"

"तू शाळेत नेऊन शिकवायला लागलास. म्हटलं, तुला पुस्तकातलं काही निराळं सापडलं असेल."

ताम्हनातील नाण्यावर तिने अक्षता वाहिल्या. आम्ही ते मऊ फडक्याने पुसून पुन्हा लाल खणावर ठेवले, धनुर्धराची बाजू वर करून. धाकटा नातू शेजारी उभा होता. त्याने विचारले, हा एकटाच का बसला आहे? आम्ही त्यास जवळ घेऊन अर्शकाची गोष्ट सांगावयास आरंभ केला. पण ती बापलेकांच्या खुनापाशी आली, तेव्हा आईने आतून हाक मारली, की पाने वाढली आहेत.